‘तर्री’ : अल्बमच्या कामाची वही

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. कळवा

वही नवी आहे. अटी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे स्वतःशी लबाडी करता येणार नाही. चार वादक. सात ट्यून. सगळं मिळून पंचेचाळीस मिनिटांच्या आत. कानात क्लिक, म्हणजे ठेका मोजणारी टकटक, नाही. चौघांनी एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवायचं. आणि अल्बमवर नाव माझं.

शेवटची अट लिहिताना पेन अडखळलं. एकतीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतोय. काल घाणेकर नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. शेवटी निवेदकाने सगळ्यांची ओळख करून दिली. गायक, की-बोर्ड, ढोलकी, तबला, साउंडवालासुद्धा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि ड्रमवर आपले नेहमीचे..." आणि पुढच्या गाण्याचा इंट्रो सुरू झाला. वाईट असं की इंट्रो मीच सुरू केला होता. सवयीने.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग असं काहीतरी कर ना, ज्यावर नाव छापावंच लागेल." तर हे ते.

८ डिसेंबर, रविवार

वादक ठरले.

बासवाला ऐरोलीचा. माइंडस्पेसमध्ये नोकरी करतो, डबल बास स्वतःचा आहे. वाजवतो कमी, पण वाजवलेलं पुसावं लागत नाही. पियानोला वाशीची मुलगी, सव्वीस वर्षांची. मला काका म्हणते आणि काकाची भीडभाड ठेवत नाही. सॅक्सवर अंकल. ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, वय सदुसष्ट. माझे वडील ठाण्यातल्या चेंदणीच्या, लग्नात वाजवणाऱ्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे, तेव्हा अंकल त्याच बँडमध्ये क्लॅरनेटवर होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात कोल्हापुरी. १९७८ साली रंगभवनला पहिली जॅझ यात्रा झाली, तिथे त्यांनी सॅक्सवाला सॉनी रोलिन्स ऐकला आणि त्यानंतर कर्ज काढून टेनर सॅक्स घेतला. कर्ज फिटायला किती वर्षं लागली ते विचारलं की विषय बदलतात.

१६ डिसेंबर, सोमवार

काल रात्री बातमी आली, मग खोटी आहे म्हणाले, आज सकाळी खरी ठरली. झाकीरभाई गेले. त्र्याहत्तर वर्षांचे होते. ती बातमी जगात कुठेही वाचली तरी घरचीच वाटली असती, मी तर कळव्याच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून वाचली. दोन गाड्या सोडल्या.

कामात आज काहीच झालं नाही. दुपारी अब्बाजी, म्हणजे त्यांचे वडील अल्लारखाँ, आणि अमेरिकन ड्रमवाला बडी रिच यांची १९६८ची रेकॉर्ड लावली. मग झाकीरभाईंचे सोलो. सारंगीवर सुलतान खाँसाहेब लेहरा धरून बसलेत. तीच एक ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच, आणि त्या ओळीवर विश्वास ठेवून तबला वाटेल तिथे जाऊन समेवर परत येतो.

हे ऐकताना डोक्यात एक गोष्ट आली, लिहून ठेवतो. आमच्याकडे तबल्याला लेहरा मिळतो. जॅझमध्ये उलटं आहे, तिथे ड्रमवालाच सगळ्यांचा लेहरा असतो. एकतीस वर्षं मी लेहरा धरला. या अल्बमवर बाकीच्यांनी माझ्यासाठी धरावा.

(नंतरची भर, मार्च : वरचं शेवटचं वाक्य चूक आहे. खोडत नाही.)

१२ जानेवारी २०२५, रविवार

ट्यून लिहायला बसलो. मला सुरांचं लिहिता येत नाही हे आता कबूल करायला हवं. मी बोल म्हणतो, मोबाइलवर रेकॉर्ड करतो, त्याला पियानोवाली सूर लावते. आतापर्यंत चार तुकडे झाले.

मधल्या वेळात अभ्यास. ड्रमवाला बँडचा प्रमुख असतो म्हणजे नेमकं काय करतो, ते शोधतोय. ड्रमवाल्या आर्ट ब्लेकीची १९५८ची ‘मोनिन’ काढली. कव्हरवर ब्लेकीचा चेहरा आहे, नाव ब्लेकीचं, बँड ब्लेकीचा. आतल्या ट्यून कोणाच्या? शीर्षकाची पियानोवाल्या बॉबी टिमन्सची. एक जुनं गाणं. बाकीच्या सगळ्या सॅक्सवाल्या बेनी गोल्सनच्या. ब्लेकीची एकही नाही. तरी चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, ऐकली की कोणाची रेकॉर्ड आहे ते कळतं. त्यातला ‘ब्लूज मार्च’ तर अक्षरशः साइड ड्रमचा रोल घेऊन सुरू होतो. अंकलना फोनवर ऐकवला. म्हणाले, "हे तर आपल्या वरातीतलं." दोन मिनिटं गप्प होते.

दुसऱ्या टोकाला टोनी विल्यम्स. सतराव्या वर्षी माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेला, अठराव्या वर्षी, १९६४ मध्ये, स्वतःचा पहिला अल्बम केला. ट्यून सगळ्या त्याच्याच. आणि त्यातल्या एका ट्यूनमध्ये ड्रमच नाहीत! हर्बी हॅनकॉकचा पियानो, रॉन कार्टरचा बास, बस्स. स्वतःच्या पहिल्या अल्बमवर हा मुलगा एका ट्यूनला वाजवतच नाही. अठराव्या वर्षी मला वरातीत पुढे चालायला मिळावं एवढीच इच्छा होती.

एकाने एकही लिहिली नाही, दुसऱ्याने सगळ्या लिहिल्या. म्हणजे उत्तर लिहिण्यात नाहीये.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली तालीम, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. सेक्रेटरींनी अकरा ते दोन अशी वेळ दिली, शिवाय तळमजल्यावरच्या आजींची परवानगी घ्यायला सांगितली. आजी म्हणाल्या, "वाजव बाबा, मला कुठे ऐकू येतंय."

बासवाला लोकलच्या मालडब्यातून डबल बास घेऊन आला, ऐरोली ते ठाणे. डब्यात कोळणी होत्या. काळ्या पिशवीतलं ते धूड आडवं पाहून एकीने विचारलं, "काय रं पोरा, कोनाला न्हेतंस?" तो बिचारा कॉर्पोरेटमधला, त्याला अर्थ लागेपर्यंत ठाणं आलं.

तालीम वाईट झाली. दोष वादकांचा नाही. सातपैकी चार ट्यूनमध्ये मी एकच साचा केला होता : आठ बारची एक ओळ, तिघांनी ती फिरवत राहायची, वर माझा सोलो. तिसऱ्या ट्यूननंतर पियानोवालीने झाकण लावलं.

"काका, यात आम्ही तिघं काय करतोय?"

"धरून ठेवताय."

"कोणाला?"

अंकल खो-खो हसले. "तुझा बापूस पण असाच. बँड थांबला तरी याचा साइड ड्रम चालू. नवरदेव घरात गेला, हा अजून रस्त्यात."

मी रागावलो. वाद टेम्पोचा नव्हता तरी टेम्पोवर वाद घातला आणि हॉलची वेळ संपवली.

९ मार्च, रविवार

महिनाभर वहीला हात लावला नाही. आज लावतो.

ती बरोबर होती. तबल्याच्या सोलोला जो मान आहे तो मला हवा होता, आणि तो मी तीन चांगल्या वादकांना पेटीवर बसवून मिळवणार होतो. लेहरा धरणाऱ्याचं काम हलकं आहे असं मुळीच म्हणत नाही. पण चार जणांचा बँड बोलवायचा आणि तिघांना ओळ फिरवायला लावायची, तर मग भाड्याचा लेहरा मोबाइलच्या ॲपमध्ये मिळतो.

जॅझमध्ये हा साचा नाही असंही नाही. ‘टेक फाइव्ह’ सगळ्यांना माहीत आहे, १९५९ची, पाच मात्रांची. त्यात ड्रमवाल्या जो मोरेलोचा सोलो चालू असताना ब्रुबेक पियानोवर तेच दोन कॉर्ड फिरवत बसतो. तो लेहराच आहे, दुसरं काही नाही. पण संपूर्ण अल्बममध्ये ते एकदा शोभतं. माझ्याकडे चार वेळा होतं.

दुसरी वाट मॅक्स रोचची. ‘ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’, १९६६च्या अल्बममधली. एकटा ड्रम. तीन मात्रा : पहिलीला पायाने वाजणारा मोठा बास ड्रम, दुसरी-तिसरीला हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी. दोन्ही पाय ही ओळ सोडत नाहीत आणि हात वर बोलत राहतात. स्वतःचा लेहरा स्वतःच्या पायांनी धरायचा, कोणाला वेठीला धरायचं नाही. रोज सकाळी वीस मिनिटं हे करतोय. हात नवं काही बोलायला लागले की डावा पाय हळूच त्यांच्या मागे जातो. खालच्या आजी ऐकू येत नाही म्हणाल्या होत्या, पण काल विचारत होत्या, मिक्सर बिघडलाय का.

चारपैकी तीन साचे काढून टाकले. एक ठेवला, उलटा करून : ओळ मी आणि बास धरणार, फिरणार बाकीचे दोघं.

२३ मार्च, रविवार

पियानोवालीने ‘उसफ्रेत’ आणून दिला. त्रिलोक गुर्टूंचा लीडर म्हणून पहिला अल्बम, १९८८चा. त्यावर आवाज आहे शोभा गुर्टूंचा, म्हणजे आईचा. ठुमरीवाल्या शोभाताई एवढंच माहीत असलेल्या आपल्या लोकांनी तो एकदा ऐकायला हवा. त्रिलोकजी ड्रमसमोर गुडघ्यांवर बसतात, वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतात, सूर ओला होऊन खाली घसरतो. मी आमच्या बाथरूममध्ये करून पाहिलं. हिने बादली परत मागितली.

मग रणजित बारोटचा २०१०चा ‘बडा बूम’. ते सितारादेवींचे चिरंजीव. मुंबईचे दोन ड्रमवाले, एकाच्या घरात ठुमरी, दुसऱ्याच्या घरात कथक. आमच्या घरात वरातीच्या तारखांची डायरी होती. तक्रार नाही. तीच घेऊन काम करायचं आहे.

२० एप्रिल, रविवार

किट. ऑर्केस्ट्राचा माझा बास ड्रम बावीस इंची आहे, तो या कामाला नको. जॅझवाले बहुतेक अठरा इंची घेतात. लहान, वर ताणलेला, आत उशी कोंबलेली नाही, त्यामुळे तो धप्प न करता सूर देतो. पूर्वी हॉटेलच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या भांडुपच्या एका गृहस्थांकडे मिळाला. कवच मेपलचं, एका बाजूला पावसाचा डाग. बारा हजार. त्यांच्या मिसेसने चहा दिला आणि ड्रम जिन्यातून उतरेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

स्नेअर, म्हणजे काड्यांचा मुख्य ड्रम, जुनाच, वडिलांच्या काळातला नाही, पण पंचवीस वर्षांचा. राइड झांज बावीस इंची.

११ मे, रविवार

हिशोब. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात स्टुडिओ आहे, तासाला नऊशे. तीन रविवार, आठ-आठ तास, एकवीस हजार सहाशे. वादकांना प्रत्येकी सहा हजार, सगळ्या तालमी धरून. लाज वाटावी असा आकडा आहे, पण तिघांनी मान्य केला. मिक्स, मास्टर वेगळं. एक एफडी मोडली. हिला सांगून मोडली, हे इथे नोंदवतो.

खरा पियानो परवडत नाही आणि गाळ्यात मावतही नाही. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटलच. पियानोवाली नाराज आहे. एक फायदा, माझ्या झांजा त्याच्या माइकमध्ये शिरणार नाहीत, कारण माइकच नाही.

२२ जून, रविवार

बाहेर धो-धो पाऊस, गाळ्याच्या पत्र्यावर त्याचा वेगळाच ठेका. आज फक्त माइक लावून पाहिले.

इंजिनियर गुणी मुलगा आहे, पण त्याची रोजीरोटी गणपतीच्या डीजे गाण्यांवर. त्याने माझ्या पाच ड्रमना नऊ माइक काढले. मी म्हटलं, चार पुरे. दोन वर, एक स्नेअरजवळ, एक बास ड्रमसमोर. वरचे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, एक माइक फूटभर लांब राहिला की तोच फटका दोनदा नोंदला जातो आणि स्नेअर पोकळ ऐकू येतो. हिच्या शिवणाच्या टेपने मोजलं. चाळीस इंच, चाळीस इंच. फरक हेडफोनशिवायही कळला.

सॅक्स आणि बास माझ्याच खोलीत. मध्ये आडोसा हवा म्हणून मंडपवाल्याकडून गाद्या भाड्याने आणल्या, दहा नग. त्याने विचारलं, "मुलीकडचे किती जण?"

मुलगा दर पाच मिनिटांनी विचारतो, "सर, किक कुठाय?" किक म्हणजे बास ड्रमचा धक्का. त्याला सांगितलं, १९४०च्या आसपास केनी क्लार्कने चालता ठेका बास ड्रमवरून काढून राइड झांजेवर नेला, तेव्हापासून पाय नुसता पिसासारखा लागतो, आणि मध्येच एखादा फटका बॉम्बसारखा टाकायचा. त्याने ऐकून घेतलं. पाच मिनिटांनी परत, "पण सर, किक?"

१३ जुलै, रविवार

पहिला रेकॉर्डिंगचा दिवस वाया गेला.

दुपारी चारला सुरुवात. साडेसहाला, तिसरा टेक मनासारखा चालला असताना, जमिनीतून आवाज आला. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर ढोल-ताशा पथकाचा सराव. गणपतीला दीड महिना उरलाय, त्यांचंही बरोबर आहे. पन्नासेक ढोल तरी असतील. गाद्यांचा काडीचा उपयोग नाही : ढोलाचा खालचा सूर साठ हर्ट्झच्या आसपास धरला तरी एक लाट साडेपाच मीटरपेक्षा लांब होते, ती चार इंची कापसाला काय दाद देणार?

चिडून खाली गेलो, सांगायला की दोन तास थांबा. सांगितलं नाही. तासभर उभा राहिलो.

ढोलांचा ठोका एकसारखा चालला होता, भिंतीसारखा. पुढे तीन ताशे. त्यातल्या एका मुलीकडे बघत राहिलो, असेल एकोणीस-वीसची, कानात कापूस, मनगटाला चिकटपट्टी. ती पूर्ण वेळ काही विशेष वाजवत नव्हती. ठोक्याच्या आत राहून बारीक काहीतरी. मग हात, म्हणजे ढोलांची चाल, बदलायचा असेल तेव्हा तिची तर्री उठायची, काड्यांची सलग सरसर, आधी मुंगीसारखी, मग फुगत जाणारी, आणि ती कापली की पन्नास ढोल दुसऱ्या हातावर. कोणीही तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे तिचं ऐकत होते.

ब्लेकीचा प्रेस रोल हाच. काड्या कातड्यावर दाबून काढलेली ती फुगणारी सरसर तो सोलो वाजवणाऱ्याच्या पाठीमागे सोडतो, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, की आता वर चढ, नाहीतर उतर. कव्हरवर चेहरा छापायचा अधिकार त्याला त्या रोलने दिलाय, ट्यूनने नाही. ताशा पथकाच्या पुढे असतो आणि ड्रम बँडच्या मागे, एवढाच काय तो फरक.

हे मला वडिलांकडून कळायला हवं होतं. ते वरातीत चाल बदलायच्या आधी असाच रोल काढायचे, मी लहानपणी त्याला "बाबांची गरगर" म्हणायचो.

घरी येऊन एक ट्यून काढून टाकली, दुसरी लिहायला घेतली. नाव ‘तर्री’.

२० जुलै, रविवार

आता सकाळी सात ते तीन. पथक आणि आम्ही, दोघंही सुखी.

‘तर्री’मध्ये माझा सोलो नाही. बत्तीस बारची ट्यून, पण कोणी किती कोरस, म्हणजे ट्यूनचे पूर्ण फेरे, वाजवायचे ते आधी ठरलेलं नाही. मी रोल उठवला की वाजवणाऱ्याने पुढच्या समेला उतरायचं, आणि कोणी चढायचं ते मी नजरेने सांगणार. पहिल्या टेकला अंकल उतरलेच नाहीत. रोल उठवला, कापला, पुन्हा उठवला. ते डोळे मिटून आपल्या जागी. चौथ्या कोरसनंतर थांबलो.

"अंकल, खूण दिली होती."

"ऐकली. मला अजून बोलायचं होतं."

यावर काय बोलणार? पुढच्या टेकला त्यांना दोन कोरस जास्त दिले आणि तिसऱ्याच्या शेवटी रोल इतका बारीक काढला की स्वतःलाच जेमतेम ऐकू आला. उतरले. पाचवा टेक ठेवला.

‘चेंदणी’ही झाली, दुसऱ्याच टेकला. कोळीगीतांचा सहा मात्रांचा हेलकावा राइडवर घेतलाय, फार न मळता. पियानोवालीने त्यावर जे कॉर्ड लावलेत ते मला अजून कळलेले नाहीत, पण होडी डुलतेय हे कळतं.

३ ऑगस्ट, रविवार

आजच्या दिवसाचं सविस्तर लिहितो.

‘मासुंदा’ ही ठाण्याच्या तळ्याच्या नावाची, पियानो आणि बासची ट्यून. टोनी विल्यम्सची वाट चोखाळायची म्हणून मी यात वाजवायचं नाही असं जानेवारीतच ठरवलं होतं. अंकल चहाला गेले. मी काचेपलीकडे इंजिनियरशेजारी बसलो.

पहिला टेक कोरडा. दुसरा त्याहून. दोघं सूर बरोबर लावतायत, पण प्रत्येक चार बारनंतर पियानोवालीची मान काचेकडे वळते. माझ्याकडे. मी वाजवत नाहीये, तरी ती खुणेची वाट बघतेय. आणि खरं सांगायचं तर मी देतही होतो. हनुवटीने. इंजिनियरने दाखवून दिलं : "सर, तुम्ही मान हलवताय." एकतीस वर्षांचा रोग.

मग खाली जमिनीवर, त्याच्या खुर्चीमागे, काचेतून दिसणार नाही असा बसलो. गाळ्याची फरशी ओलसर, समोर वायरींचं जंजाळ आणि कोणाची तरी जुनी चप्पल. तिसरा टेक सुरू झाला. मोजायला आकडा कोणी दिला नाही, बासवाल्याने श्वास घेतला आणि दोघं एकत्र उतरले. मधे एके ठिकाणी दोघंही थांबले. मला वाटलं, चुकले. उठणार होतो, पण इंजिनियरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोरगं पंचवीस वर्षांचं, पण हात ठेवला आणि दाबला. दोन बार गेले असतील. मग बास परत आला, ज्या सुरावर मी तरी आणला नसता.

तोच टेक. चार मिनिटं दहा सेकंद.

दुपारी ‘पारसिक’. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा १९१६चा, सव्वा किलोमीटरपेक्षा मोठा. ऑर्केस्ट्राच्या तालमीला डोंबिवलीला जाताना दारात उभा असलो की तोंडावर एकदम गार वारा यायचा आणि चाकांचा तोच ठेका दुप्पट मोठा होऊन कानात बसायचा. ट्यूनमध्ये तेच केलंय : बाहेर चौघं, बोगद्यात फक्त बास आणि ड्रम. तीन टेक, दमलो, तिसरा ठेवला.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. काम नाही. पाच दिवसांत चार कार्यक्रम, एफडीचं भोक थोडं बुजलं.

१४ सप्टेंबर, रविवार

‘पारसिक’ परत वाजवावी लागणार. टेक मोजून पाहिला, सुरुवात मिनिटाला १७६ ठोके, शेवट १८८. बोगद्यातून बाहेर पडलो तो मी धावतच. बासवाला बिचारा मागे ओढत होता, ते ऐकू येतंय.

इंजिनियर म्हणाला, ताणून सरळ करतो, कोणाला कळणार नाही. पियानोवाली म्हणाली, राहू दे, त्यात जीव आहे. दोघांचंही मानलं नाही. चुकीत जीव असतो असं लोक फार म्हणतात. कधी असतो. बऱ्याचदा धावलेला ठेका म्हणजे नुसता धावलेला ठेका असतो, आणि तो धरायचं काम माझं होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

वाजवली. १७६ला सुरू, १७८ला बंद. ही ठेवली. जास्तीचे चार तास, तीन हजार सहाशे.

१२ ऑक्टोबर, रविवार

मिक्स. इंजिनियरने बास ड्रम वर आणला, मी खाली आणला, तो चहाला गेल्यावर अजून थोडा खाली आणला. परत आला, ऐकलं, काही बोलला नाही. म्हणजे पटलं किंवा थकला.

मास्टर फार ठासून भरायचा नाही असं ठरलं. वाजवणारी ॲप सगळी गाणी साधारण उणे चौदा एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणतातच, मग आपण आधीच सगळं सपाट दाबून ब्रशची कुजबुज आणि तर्रीचा फुगारा एकाच उंचीचे का करायचे?

२७ ऑक्टोबर, सोमवार

काल ड्रमवाले जॅक डिजॉनेट गेले. हा माणूस मुळात पियानोवाला. १९८५ मध्ये त्यांनी पियानोचा आख्खा अल्बम केलाय. त्यांच्या ड्रममध्ये सूर ऐकू येतात ते उगाच नाही.

संध्याकाळी पियानोवालीला फोन केला : आठवड्यातून एकदा शिकवशील का, अगदी सारेगमपासून. म्हणाली, "काका, फी लागेल."

१६ नोव्हेंबर, रविवार

फॉर्म भरले. प्रत्येक ट्यूनला आयएसआरसी क्रमांक लागतो, बारा अक्षर-आकड्यांचा, तो अल्बम सगळीकडे पोचवणारी कंपनीच देते. तिथपर्यंत सोपं. पुढचा रकाना ‘संगीतकार’. तिथे अडलो.

‘तर्री’चा बोल माझा, सूर तिचे. ‘चेंदणी’चंही तेच. परत ‘टेक फाइव्ह’ आठवली. पाच मात्रांचा तो खेळ मोरेलोच्या ड्रमवरून सुरू झाला, ट्यून सॅक्सवाल्या पॉल डेझमंडने लिहिली आणि संगीतकार म्हणून नाव डेझमंडचं. त्याने मृत्युपत्रात त्या ट्यूनची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला दिली. तो गेला १९७७ला, पैसे अजून जातायत. भला माणूस, पण ठेका कोणाचा ते कुठल्याच रकान्यात नाही.

मी पन्नास-पन्नास टक्के लिहिलं. ती म्हणाली, जास्त होतात. मी म्हटलं, बोलाला सूर नसता तर मी अजून मोबाइलमध्ये तकधिन करत बसलो असतो. आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व तिनेही घ्यायचं ठरलं, नाहीतर टक्के नुसते कागदावर राहतील.

‘मासुंदा’च्या खाली वादकांमध्ये दोनच नावं. तिथे माझं नाव घालायला मुलगा विसरला नाही ना, म्हणजे चुकून घातलं नाही ना, हे दोनदा तपासलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

अंकलना ऐकवायला चेंदणीला गेलो. मोबाइलवर नको म्हणाले, छोटा स्पीकर घेऊन गेलो. ‘तर्री’त स्वतःच्या जागी आले तेव्हा म्हणाले, "बघ, अजून एक कोरस पाहिजे होता." ‘मासुंदा’ लागली. अर्धी झाल्यावर त्यांच्या मिसेस स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"हा तुझाच ना रे? मग तू कुठे वाजतोस?"

"इथे नाही वाजवत, आंटी."

"मग काय करतोस?"

"खाली बसलोय."

त्या आत गेल्या, बोंबील तळायला.

उरलेली कामं : बासवाल्याचे दोन हजार बुधवारपर्यंत. भांडुपच्या गृहस्थांना एक प्रत नेऊन द्यायची. मंडपवाल्याच्या दहा गाद्यांपैकी नऊच परत गेल्यात, एक बास ड्रमखाली राहिली आहे, तिचं भाडं चढतंय.